राखणदाराने वेस का सोडली

मित्रांनो, छापलेली पुस्तके तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी त्यांच्या आधी जन्मतो आणि ती जन्मली की बहुधा रद्दीत जातो. मी एका परीकथेचा जुना खर्डा आहे. दोनशे पानांची जाड वही, पेन्सिलीने भरलेली आणि खोडरबराने जागोजागी पातळ झालेली.

माझी लेखिका दातांच्या कारखान्यात काम करायची. दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे ठसे तिच्याकडे पाठवत. ती त्यांत प्लॅस्टर ओतून साचे काढी आणि साच्यांवर कवळ्या तयार करी. गल्लीत तिला सगळे कवळीताईच म्हणत. दुपारी प्लॅस्टर वाळेपर्यंत तिला एक तास मोकळा मिळे. तेवढ्यात ती मला उघडी आणि लिही. माझ्या पानापानांत अजून ती पांढरी भुकटी आहे.

गोष्ट अशी होती. डोंगरावर एक गाव. वेशीबाहेर धुकासुर राहतो. त्याचा श्वास ज्याला लागेल, तो आपल्या माणसांना विसरतो. वेशीचा राखणदार एक तरुण मुलगा आहे आणि त्याची धाकटी बहीण गावातले दिवे लावते. एका संध्याकाळी राखणदार वेस उघडी टाकून निघून जातो. धुके आत शिरते आणि त्यांचे वडील मुलीचे नावही विसरतात.

हा प्रसंग माझ्या छत्तिसाव्या पानावर आहे. तो कधी बदलला नाही. बदलत राहिले ते एकच: राखणदार का गेला?

पहिल्यांदा तो मुकुटाच्या लोभाने गेला. धुकासुराने त्याला राजा करायचे कबूल केले होते. ते पान लिहिताना कवळीताईने पेन्सिल इतकी दाबली, की मागच्या तीन पानांवर वळ उठले. मग दिवेवाली बहीण पेटता पलिता घेऊन सूड उगवायला निघाली. मला वाटले, झालो मी पुरा!

पण प्रकाशनगृहातल्या संपादिकाबाईंनी मला वाचले आणि भुवया चढवल्या.

“ताई, हा तर जन्मापासूनच नीच दिसतो. मग नवव्या पानावर स्वतःचं पांघरूण बहिणीच्या अंगावर कशाला घालतो?”

“ते राहून गेलं. खोडते.”

“ते खोडू नका. ते पान खरं वाटतं. छत्तिसावं वाटत नाही.”

मग लोभ खोडला गेला आणि त्या जागी भीती आली. राखणदार धुकासुराला घाबरून पळाला. एवढे एक कारण बदलले, तर माझे घरच हलले. बाराव्या पानावर तो मोठ्याने हसत होता, तिथे त्याचे हात कापू लागले. बहिणीने पलिता खाली ठेवला. आता तिला सूड नको होता, त्याला चारचौघांत लाजवायचे होते.

तेही कवळीताईला पटेना. तिसऱ्या वेळी तिने एक जादूगारीण आणली. त्या जादूगारिणीने राखणदारावर मोहिनी घातली, म्हणजे बिचाऱ्याचा दोषच उरला नाही. बहीण त्याला सोडवायला धावली.

संपादिकाबाई म्हणाल्या, “आता सगळेच गुणी झाले. मग ही मुलगी चाळीस पानं रडते कशाला?”

मित्रांनो, माझे काय हाल झाले असतील! एकच माणूस ओळीत हसत निघालेला, ओळीच्या वर थरथरत पळणारा आणि समासात डोळे मिटून चालणारा. कुणाला धरून ठेवू आणि कुणाला जाऊ देऊ, मला कळेना. कवळीताईचेही चित्त थाऱ्यावर नव्हते. एका आजोबांच्या कवळीत तिने उजवा सुळा डावीकडे बसवला. ते बिचारे दोन दिवस आरशात पाहून बायकोला विचारत होते, “मी असाच होतो का गं?”

तिच्या मनात काय चालले आहे, ते मला ठाऊक होते. माझ्या एका कोऱ्या पानावर तिने एकदा लिहून पुसले होते, ‘दादा, का गेलास?’

ती चौदा वर्षांची असताना, वडील अंथरुणाला खिळलेले असताना, तिचा मोठा भाऊ घरातून निघून गेला. नऊ दिवसांनी वडील वारले. आत्या म्हणाली, चैनीची हाव सुटली त्याला. काका म्हणाले, भित्रा तो, आजारपण पाहून पळाला. आई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, माझ्या लेकाला कुणीतरी भुलवलं. या तिघांचीच कारणे ती आळीपाळीने माझ्यात लिहीत होती. तिचे स्वतःचे एकही नव्हते.

एके दिवशी तिने एका ठशातून साचा काढला आणि तिचा हात थांबला. पुढचा एक दात तिरका तुटलेला होता. लहानपणी झोपाळ्याच्या फळीने दादाचा अगदी असाच दात तिनेच तोडला होता. तिने दंतवैद्याला फोन केला.

“हे गृहस्थ कोण?”

“लिफ्ट दुरुस्त करतात. दाढांची कवळी तुमच्याकडेच करायची म्हणून हटून बसलेत.”

“बसवायला इकडेच पाठवा.”

तिसऱ्या दिवशी तो आला. केस पिकलेले, हातात अवजारांची पिशवी. ती फक्त “बस” म्हणाली. तिने कवळी बसवून पाहिली.

“टोचतेय?”

“नाही.”

“मग बोल. का गेलास?”

तो खुर्चीच्या कडेवर सरकला. मग म्हणाला, “जायचं म्हणून गेलोच नाही गं. बाबांचा खोकला थांबत नव्हता. म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन जरा मोकळा श्वास घेतो. तिथे बसलो, तास गेला. घरी काय सांगू, याची लाज वाटायला लागली. एक दिवस गेला, लाज दुप्पट झाली. दहाव्या दिवशी आलो होतो.”

“खोटं!”

“दारात खूप चपला होत्या. तू पायरीवर बसली होतीस, गुडघ्यात डोकं घालून. माझी चप्पल त्यांत कुठे काढू, तेच कळेना.”

“आणि नंतरची सव्वीस वर्षं?”

त्याने अवजारांची पिशवी मांडीवर ओढून घेतली. ती ओरडली नाही. तिने कवळीची एक कड घासायला घेतली. खरे तर ती घासायची गरज नव्हती.

“पुढच्या आठवड्यात परत दाखवायला ये,” ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने माझे छत्तिसावे पान उघडले. आता राखणदार वेस उघडी ठेवून घटकाभरच बाहेर जातो. परत येतो, तेव्हा धुके आत शिरलेले असते. रडणे ऐकू येते आणि त्याचे पाऊल वेशीच्या उंबऱ्याशी अडते. बहीणही बदलली. ती सूड घ्यायला निघत नाही, सोडवायलाही नाही. वेशीबाहेर एक दिवा टांगते, पण हाक मारत नाही.

संपादिकाबाईंनी ते पान पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाल्या, “आता मला याचा राग येतो. पहिल्या वेळी नव्हता आला, तेव्हा तो खरा माणूसच वाटला नव्हता.”

पुस्तक छापून आले. त्याचे कौतुक झाले, आणि माझी पाने साचे गुंडाळायला फाटू लागली! सहा गेलीच. तेवढ्यात भाऊ आला. कवळीचे निमित्त काढून तो दर आठवड्याला येत असे.

“ही वही मला दे.”

“तुझ्याबद्दल वाईट लिहिलंय त्यात.”

“म्हणूनच दे.”

आपल्या खोलीत खिडकीशी बसून त्याने मला वाचले, खोडलेलेसुद्धा, उजेडावर पान धरून. लोभाच्या पानापाशी तो थबकला. खिशातली पेन्सिल काढून त्याने समासात लिहिले, ‘हेही थोडं होतं.’ भीतीच्या पानावर लिहिले, ‘हे बरंच.’ जादूगारिणीच्या पानावर काहीच लिहिले नाही. मग मला मिटून कपाटात ठेवले.

बहिणीला त्याने हे सांगितलेले नाही. छापील पुस्तकातला राखणदार आता निवांत आहे, त्याला एक कारण मिळाले आहे. माझ्यातला अजून येरझारा घालतो आहे. तिने मला परत मागावे, पुन्हा उघडावे, म्हणून मी रोज कपाटाच्या दाराकडे कान लावून असतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या खर्ड्यांना रद्दीत घालू नका. आणि एखादा माणूस असा का वागला, हे लिहून टाकायची वेळ तुमच्यावर आली, तर त्याच्यासाठी थोडा समास मोकळा ठेवा.