ताणून धरलेली साखळी

१९७९ साली निफाडकडच्या आमच्या शाळेत ‘व्यवसाय मार्गदर्शन सप्ताह’ झाला. दहावीनंतरही मुलांना पोट असतं, हे वरच्या कुणाला तरी आठवलं असावं. सोमवारी शिवणयंत्र दाखवलं, मंगळवारी कोंबड्या, आणि बुधवारी मोजणीदार निवृत्तीभाऊ जमीन मोजायची साखळी घेऊन आले. पोरं जांभया देत होती. त्यांना मोजणी काय शिकवायची? नांगर धरला की शेजाऱ्याचा बांध कसा कोरायचा, हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात.

मला मात्र ते काम पाहताक्षणी आवडलं. साखळी ताणली, झेंड्या एका रेषेत आल्या, की कुणाचा आवाज मोठा याला काही किंमत उरत नव्हती. आमच्या गावात हे नवीनच होतं. आयटीआयला याचा कोर्स असतो असं निवृत्तीभाऊ म्हणाले, तसा मी फॉर्म मागून घेतला. वडिलांची सही तेवढी हवी होती.

“पोरीच्या जातीनं उन्हातान्हात रानोमाळ फिरायचं?” आबा म्हणाले. मी रोज त्यांच्याच कांद्याची लागण करत होते. ते रान बहुधा माडीवर असावं.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं, शाळेचं मैदान मोजायचं. रावजी सरांनी मुलांना साखळी दिली आणि मुलींना पोहे करायला बसवलं. पोह्यांशिवाय मोजणी होत नसावी. पण मुलांची रेघ तीनदा वाकडी गेली, तेव्हा निवृत्तीभाऊंनी कंटाळून मला बोलावलं. मैदानाला लागून आबांचं रान आहे. एरवी शाळेची पायरी न चढणारे आबा धावतच आले आणि मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले.

“चांगुणा, तुझ्या फारमावर सही करतो.”

मला रडूच यायचं बाकी होतं.

“फकस्त साखळीला जरा झोळ राहू दे. लय नाय, थोडा.”

झोळ राहिला की साखळी कमी अंतर कापते. नकाशातली लांबी भरते, पण शाळेची हद्द अलीकडेच संपते, आणि मैदानात शिरलेले आबांचे कांदे कायदेशीर होतात. सप्ताहभरात कुणी इतकं नेमकं मार्गदर्शन केलं नव्हतं.

सही मला फार हवी होती. पण पहिल्याच दिवशी खोटं मोजायचं, तर कोर्स तरी कशाला करायचा? मला संताप आला. मी साखळी अशी ताणली की पलीकडचा पोरगा दोन पावलं ओढला गेला. झेंडी आबांच्या कांद्यात, चांगली चार वाफे आत जाऊन रोवली गेली. आबांकडचे कांदे दरसाल फुकट खाणाऱ्या रावजी सरांना नेमका तेव्हाच खोकला आला. निवृत्तीभाऊ खूश होऊन म्हणाले, “उरलेल्या बाजू उद्या. साखळी हिच्याच हातात.”

घरी आबांनी फॉर्म माझ्यासमोर भिरकावला. “आता सही इसर.”

मी तो उचलला आणि कोपऱ्यात जाऊन रडले. तेवढ्यात पुंजाकाका आले. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला त्यांचा ऊस आहे. तो किती आत आलाय, हे त्यांना मोजणीशिवायच ठाऊक होतं.

“सहादू, सही करून टाक,” ते म्हणाले.

“येडा झाला का? बापाला सोडलं नाय हिनं!”

“म्हणून तं म्हणतो. उद्याचं उद्या बघू. पण ही गावात राहिली तं दरसाल साखळी काढंल.” मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी मायेनं विचारलं, “नोकरी कुठं लागती गं, पोरी?”

“सरकार पाठवील तिकडं.”

“लांब?”

“लांबही.”

आबांनी पेन मागितलं आणि कागद फाटेल इतकं दाबून सही केली.

“चंद्रपूर माग,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “तिकडं आपलं रान नाय.”

“आमचंबी नाय,” पुंजाकाका म्हणाले, आणि हुश्श करून त्यांनी चहा मागितला.