तोंडाचा वास

टण्‌ करून पेला जमिनीवर पडला आणि गडगडत उंबऱ्याला जाऊन अडला.

सकाळपासून त्या दोन खोल्यांत कोणी बोललं नव्हतं. देवराव खाटेवर बसून पांढऱ्या धोतराची घडी उलगडत होते, सून प्रेमिला चुलीपुढे होती. पेला पडला तशी दोघंही जिथल्या तिथे थिजली. सात वर्षांच्या विशाखाने एकदा आईकडे, एकदा आजोबांकडे, तिच्या आबाजीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “माझ्या हातून पडला. हात ओला होता.”

तेव्हा कुठे देवरावांनी श्वास सोडला.

त्या घरात भांडं पडलं की असंच व्हायचं. दोन वर्षांपूर्वी विशाखाच्या बापाचं दुखणं भांडी पडण्यापासूनच सुरू झालं होतं. चंद्रभान सीताबर्डीच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाचं मोहरीएवढं अक्षर चिमटीत धरून उलट्या ओळी लावणारा माणूस, त्याच्या हातून चहाची बशी पडू लागली. मग तो भिंत धरून चालू लागला. जुळणी करताना एक डोळा मिटून घेऊ लागला. सकाळी उठला की भडभडून ओकायचा. डोकं दुखतं म्हणाला तर प्रेमिला म्हणायची, “दुखीन नाही तं काय! संध्याकाळचे कुठं कुठं बसता, कोणाले माहीत.”

एका सकाळी तो पायरीवर ओकला. पदराने त्याचं तोंड पुसता पुसता तिने मुद्दाम वास घेतला. वास नव्हता. वास दाबायला सोप, म्हणजे बडीशेप, चघळून आला असेल, असं तिने मनाशी ठरवलं आणि आत जाऊन सासऱ्यांना सांगितलं, “मामाजी, विशाखाचे बाबा पिऊन राहिले वाटते.”

दुसऱ्या एखाद्या घरात ही गोष्ट शिवीगाळीवर भागली असती. पण देवरावांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच दिवशी दारू सोडली होती. तोवर रोज पिणारा गडी, पण बावीस प्रतिज्ञा म्हटल्या त्या म्हटल्या. मोहल्ल्यातल्या कितीजणांची त्यांनी हाताला धरून सोडवली. आणि त्यांच्याच घरात पिणारा निघावा! पौर्णिमेला त्यांनी पोराला विहारात सगळ्यांसमोर उभं केलं. “म्हण पाचवं शील.” दारूपासून दूर राहण्याचं ते शील चंद्रभान म्हणू लागला, तर जीभ उचलेना. शब्द एकमेकांवर आपटू लागले. मागे कोणी फस्सकन हसलं. “इथंही पिऊनच आला गा,” कोणी म्हणालं, आणि देवरावांनी भर विहारात, बत्तीस वर्षांच्या लेकाच्या थोबाडीत मारली.

तीन महिन्यांनी चंद्रभान छापखान्यात कोसळला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत दिवा धरून आत पाहिलं आणि सांगितलं, मेंदूत गाठ आहे, फार वाढली आहे. आधी आणायचं होतं. बाराव्या दिवशी तो गेला.

मोहल्ला धरून चालला की दारूने गेला. देवरावांनी ते कधी खोडलं नाही. खोडायचं म्हणजे आजारी लेकराला मारलं, हे कबूल करायचं. प्रेमिलाही गप्प राहिली. तिला तर त्याच्याही आधीचं कबूल करावं लागलं असतं.

“चला वं, उशीर होऊन राहिला,” देवराव म्हणाले. दसरा होता. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर दरसाल त्यांच्या मोहल्ल्याची पाणपोई लागायची.

ऊन चढेपर्यंत रस्ता माणसांनी भरून गेला. ट्रकांतून, पायी, डोक्यावर भाकरीची गाठोडी घेऊन खेड्यापाड्यांतली माणसं येत होती. देवराव माठांपाशी उभे, प्रेमिला लोट्याने ओंजळीत पाणी ओतत होती आणि विशाखा पेले विसळत होती.

इतक्यात गलका उठला. ताराचंद, मोहल्ल्याचं पुढारपण करणारा तरणा माणूस, एकाची कॉलर धरून त्याला पाणपोईसमोरून ओढत नेत होता. “आजच्या दिवशी, या जागेवर पिऊन येतो? लाज वाटत नाही तुले?”

ज्याला धरलं होतं तो पस्तिशीचा, अंगावर नवा सदरा. पाय फाकून टाकत होता, तरी तोल जात होता. मागून त्याची बायको कपाळ बडवत येत होती. “तोंड काळं केलं वं माय माझं! खदानीतही मुकादमानं यायले असंच हाकलून देल्लं. कन्हानहून इथवर काय हेच दाखवाले आणलं का जी तुम्ही मले?”

“नाही पिलो वं गोपिका,” तो माणूस म्हणाला. जीभ जड. “मले दोन दोन दिसून राहिले...”

त्याने मान एका बाजूला कलती केली आणि एक डोळा मिटून घेतला.

प्रेमिलाच्या हातातला लोटा कलला तो कललाच. समोरच्या म्हातारीची ओंजळ भरून पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. प्रेमिलाने सासऱ्यांकडे पाहिलं. देवरावांनीही तो मिटलेला डोळा पाहिला होता. क्षणभर दोघांची नजर भिडली. मग देवरावांनी तोंड फिरवलं.

“पाणी वाढ,” ते म्हणाले. “लाइन लागली.”

“मामाजी, तो...”

“तुले काय करायचं? पाणी वाढ.”

तिने लोटा माठावर ठेवला. पदर खोचला आणि गर्दीत शिरली. ताराचंद म्हणाला, “वहिनी, तुम्ही बाजूले व्हा, पिलेला माणूस आहे.” ती बाजूला झाली नाही. त्या परक्या माणसाच्या अगदी जवळ गेली आणि चारचौघांत त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला.

बाया “अगं बाई” म्हणून मागे सरकल्या. गोपिका कपाळ बडवायची थांबली.

“वास नाही,” प्रेमिला म्हणाली. “ताराचंद भाऊ, तुम्ही घ्या वास.”

“अहो वहिनी, हे लोक सोप खातात, पान खातात...”

“तेच मलेही वाटलं होतं.” तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. “विशाखाच्या बाबाचाही वास येत नव्हता. मी घेतला होता. तरी मीच घरात सांगितलं, का पिऊन राहिले म्हणून. तुम्ही हसले होते ना विहारात? माझा माणूस पिला नव्हता. त्याच्या डोक्यात गाठ होती.” ती गोपिकाकडे वळली. “बाई, यांचं डोकं दुखते? सकाळी उलटी होते?”

गोपिकाने नुसती मान डोलावली. मग एकदम तिचा हात घट्ट धरला. “तीन महिने झाले माय. मी तं यायले चुलीतल्या लाकडानं मारलं.”

ताराचंदने कॉलर सोडली. तो देवरावांकडे वळला. “देवरावजी, खरं काय हे?”

सगळे पाणपोईकडे पाहू लागले. देवराव माठाकडे वळले. मग म्हणाले, “खरं आहे. पोरगा पिला नव्हता.” एवढं बोलून त्यांनी लोटा उचलला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला पाणी वाढू लागले. पाणी ओंजळीत पडत नव्हतं, बाजूला पडत होतं. तो माणूस ओंजळ सरकवत राहिला.

सुट्टीचा दिवस, दवाखान्यात मोठे डॉक्टर भेटणार नव्हते. प्रेमिलाने दोघांना घरी आणलं. कवडू नाव त्या माणसाचं. देवरावांनी आपली खाट त्याला दिली आणि स्वतः दारात पोतं टाकून बसले. गोपिका भाजी चिरताना मध्येच थांबायची आणि नवऱ्याच्या पाठीवरचा वळ पाहायची.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला त्यांना घेऊन दवाखान्याला निघाली तेव्हा देवराव दारातच आडवे उभे राहिले. “वास नव्हता, हे तू मले सांगितलं नव्हतं.”

“तुम्ही विचारलं नव्हतं, मामाजी.”

“मी तुया बोलावर हात उचलला.”

“आपला पोरगा कसा आहे, हे तुम्हाले माझ्याकडून समजाचं होतं?”

देवराव बाजूला झाले. विशाखाला म्हणाले, “तू थांब माझ्यापाशी.” पण पोरीने आईचा पदर सोडला नाही.

दवाखान्यात तोच लांब व्हरांडा, तीच फिनेलची घाण. कोणत्या खिडकीवर चिठ्ठी काढायची, कोणत्या दारापुढे बसायचं, प्रेमिलाला सगळं पाठ होतं. नको त्या गोष्टी माणसाला पाठ राहतात.

डॉक्टरांनी कवडूच्या डोळ्यांत दिवा धरला. बराच वेळ पाहिलं. त्याला एका रेघेवर चालायला लावलं, बोट नाकाला लावायला सांगितलं. मग म्हणाले, “मेंदूवर दाब आहे. गाठच असावी. भरती करा. ऑपरेशन करून पाहू. खात्री देत नाही, पण वेळेत आणलं तुम्ही.”

व्हरांड्यात येऊन गोपिका प्रेमिलाच्या पाया पडायला वाकली. प्रेमिलाने पाय मागे ओढून घेतले, जणू चटका बसला. “माझ्या पाया नको पडू वं बाई. दुसऱ्या कोणाच्याही पड.”

“तू नसती तं हे मातीत गेले असते.”

“जा आत. एकटं वाटत असन त्याले.”

गोपिका आत गेली. दाराच्या फटीतून दिसलं, ती नवऱ्याचा हात आपल्या कपाळाला लावून बसली होती. आपण बसलो होतो तेव्हा त्या हातात काही उरलं नव्हतं, हे प्रेमिलाला आठवलं. दुसऱ्याचं माणूस वाचतंय, तर आनंद व्हावा. होत नव्हता. तिने स्वतःला मनातल्या मनात शिवी दिली आणि बाकड्यावर बसली.

विशाखा शेजारी बसून पाय हलवत होती. मग तिचे पाय थांबले.

“आई.”

“काय वं बेटा?”

“बाबाच्या तोंडाचा वास नव्हता, हे तुले माहीत होतं, मग तू आबाजीले तसं काहून सांगितलं?”