तिघांचं वजन

नणंद-भावजयीचं पटत नाही असं ज्याने कोणी ठरवलं, त्याने या दोघींना एकाच गाडीखाली उताणं पडून नट पिळताना पाहिलं नव्हतं. गॅरेज वहिनीचं. नणंद नर्स, ड्यूटी संपली की घरी न जाता सरळ इकडे यायची आणि हात काळे करून घ्यायची.

गाडी म्हणजे मोटारसायकल, जुनी घेतलेली, उंच, डांबरावरही चालणारी आणि रानातही. डोंगरांपलीकडे जिथे नकाशावरचे रस्ते तुटक रेषांचे होतात, तिथवर दोघींनी जायचं असं ठरलं होतं. त्यासाठी वहिनीने गाडी पार सोलून काढली. इंजिनाखाली जाड पत्रा बसवला, म्हणजे दगड लागला तर पत्र्याला लागेल. हँडलच्या मुठींपुढे लोखंडी कमानी लावल्या. टायर गाठींचे, मातीत पकड धरणारे घेतले. चाकाचा एकेक स्पोक पान्याने टिचकी मारून ती कान लावून ऐकायची, आणि बद्द वाजला की आवळायची.

सामानाला पत्र्याच्या पेट्या घ्याव्यात असं नणंदेचं मत होतं.

"दिसतात तरी झोकात."

"वन्सं, गाडी पडली की तुमचा पाय त्या पेटीखाली सापडेल. मग झोकात लंगडा," वहिनी म्हणाली. थट्टेत असली की ती नणंदेला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. एरवी सरळ अगं-तुगं.

शेवटी पिशव्या वहिनीच्या नवऱ्याने शिवल्या. तो सीट कव्हर शिवायचा, बोलायचा कमी. जाड कापडाच्या दोन पिशव्या, पट्ट्यांनी बांधायच्या. त्या देताना एवढंच म्हणाला, "तुम्ही दोघी गेलात की घरात शांतता होईल. आणि मला झोप यायची नाही."

निघण्याआधी भरलेल्या गाडीची एक चाचणी हवी होती. मागचं स्प्रिंग वहिनीने दोघींच्या आणि सामानाच्या वजनाला लावलं, टायरमधली हवा थोडी कमी केली आणि सकाळीच दोघी दगडखाणीकडच्या कच्च्या वाटेला लागल्या. वाट खडबडीत होती, म्हणूनच निवडली होती. वहिनी चालवत होती. मागून नणंद ओरडून सांगत होती की तिची हाडं मोजायला आता एक्स-रे लागणार नाही.

वळणापलीकडे दगड वाहणारा एक टिपर उभा होता. त्याच्या चाकाशी एक माणूस गुडघ्यांवर बसला होता आणि तिघं त्याला मारत होते. एकाच्या हातात फावड्याचा दांडा, दुसऱ्याच्या हातात पहार. तिसरा नुसत्या लाथा घालत होता, अगदी सावकाश, कामावर असल्यासारखा. गुडघ्यांवरचा माणूस ओरडतही नव्हता. प्रत्येक लाथेसरशी त्याच्या तोंडून हवा तेवढी बाहेर पडायची.

वहिनीने ब्रेक दाबला. "धर घट्ट, मागे वळवते," ती पुटपुटली.

पण नणंद गाडी पुरती थांबायच्या आत उतरली होती. तिने हेल्मेट काढलं. आपला चेहरा दिसला, बाई आहे हे कळलं, की ते थांबतील असं तिला वाटलं.

"सोडा त्याला! मी नर्स आहे. मरेल तो!"

दांडेवाला वळला. त्याने तिला नीट पाहिलं. मग दोन पावलं पुढे येऊन दांडा आडवा फिरवला. तो तिच्या जबड्यावर बसला. ती खाली बसली आणि तोंडाखाली ओंजळ धरली, आणि ओंजळीत रक्ताबरोबर दात पडले.

वहिनीने विचार केला नाही. पहिला गियर टाकला आणि मूठ पुरती पिळली. गाडी दगड उडवत सुटली. दांडेवाला बाजूला व्हायला गेला, पण अर्धाच झाला. पुढचं चाक त्याच्या गुडघ्यात घुसलं. सुकी फांदी मोडावी तसा आवाज इंजिनच्या आवाजातूनही वहिनीला ऐकू आला. गाडी त्याच्यासकट आडवी झाली. तापलेला सायलेन्सर त्याच्या मांडीवर पडला, कापड जळल्याचा वास आला, मग मांसाचा, आणि तो किंचाळू लागला.

पहारवाला धावत आला. पहिला वार वहिनीच्या खांद्यावर पडला आणि तिचा डावा हात मेल्यासारखा लोंबला. गाडीच्या बाजूला हत्यारांची नळी होती. तिच्यातली टायर काढायची लोखंडी पट्टी तिने उजव्या हाताने ओढून काढली. त्याने पुन्हा पहार उचलली तशी तिने मनगटावर घातली. पहार पडली. मग तिने तोंडावर घातली. मग पुन्हा. तो डोळा धरून खाली पडला, बोटांतून रक्त येत होतं, तरी तिने आणखी एक घातली. पहिला फटका जीव वाचवायला होता. बाकीच्या फटक्यांचं काय, ते तिला पुढे कोणालाच सांगता आलं नाही.

लाथा घालणारा खाणीकडे धावत सुटला. तिकडे जीप उभी होती.

"उठ!" वहिनी ओरडली. "उठ, गाडी उचल माझ्याबरोबर!"

पडलेली भरली गाडी उचलायचा सराव दोघींनी अंगणात केला होता: पाठ सीटला, ढुंगण टेकवायचं, पायांनी रेटायचं. तेव्हा हसून हसून दोनदा पाडली होती. आता जबडा लोंबणारी एक आणि एका हाताची दुसरी, दोघींनी रेटली. खालचा माणूस विव्हळत सरपटत सुटला. वहिनीने चाकूने पिशव्यांच्या पट्ट्या कापून तंबू, पाणी, सगळं रस्त्यावर टाकलं. टिपरचालकाला दोघींनी मधे बसवलं. चालक आहे हे त्याच्या खिशातून लोंबणाऱ्या किल्लीवरून कळलं. त्याने स्वतःहून वहिनीच्या कमरेला मिठी घातली. नणंद मागे चढली आणि तिने दोघांना कवळलं.

गाडी पडताना गियरचा खटका वाकला होता. दुसरा गियर पडला तो पडलाच, वरही जाईना, खालीही येईना. मागे जीपचा आवाज आला. सरळ वाटेवर जीपने त्यांना कधीच गाठलं असतं. वहिनीने गाडी वाट सोडून ओढ्यात घातली. ओढा कोरडा होता, नुसते दगडगोटे. तिघांच्या वजनाने मागचं स्प्रिंग तळाला जाऊन आदळत होतं, पत्र्यावर दगड घणासारखे वाजत होते, आणि दर धक्क्याला वहिनीचा खांदा तिच्या तोंडून शिव्या काढत होता, ज्या तिला येतात हे घरात कोणाला माहीत नव्हतं. मागे एक जोरदार कर्कश आवाज झाला. जीप दगडावर चढून पोटावर अडकली होती, चाकं हवेत फिरत होती. त्या माणसाने उतरून दगड भिरकावले. एक नणंदेच्या पाठीत बसला. ती हलली नाही.

"वाचला रे बाबा, वाचलास!" वहिनी मागे न बघता त्या माणसाला सांगत राहिली. "दवाखाना आलाच. दम धर."

दवाखान्याच्या दारात तिने गाडी भिंतीला टेकवूनच थांबवली. "याला घ्या आधी! लवकर!" ती आत ओरडली. आतून माणसं धावत आली. वहिनीने कमरेवरचे हात सोडवायला घेतले. ते थंड होते, आणि नणंदेचे हात त्यांच्यावर घट्ट आवळलेले होते.

नणंदेने नकारार्थी मान हलवली.

"काय नाही? काय नाही म्हणतेस?"

नणंदेने मागे, दूर, ओढ्याच्या दिशेला बोट दाखवलं.

वहिनीला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती नणंदेवर धावली आणि उजव्या मुठीने तिच्या छातीवर मारत सुटली, "तिथून? तिथून तू गप्प बसलीस? मी येडी बोलत राहिले त्याच्याशी!" वॉर्डबॉयने तिला मागे ओढलं. नणंदेने एकही फटका अडवला नाही.

जबडा तारेने बांधल्यावर नणंद दातांतल्या दातांत बोलू लागली. वहिनी तिच्या पलंगाशी डावा हात झोळीत बांधून बसली होती.

"खुणेने सांगितलं असतं तर तू थांबली असतीस," नणंद म्हणाली. "तेवढ्यात जीपवाल्याने गाठलं असतं. दोघींनाही."

वहिनीने तिचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "छातीवर वळ उठलेत का गं?"

"उठलेत."

"दाखव."

खाणीत दरड कोसळून दोन मजूर गाडले गेले होते आणि मालकाने वर मुरूम ओतून जागा सपाट केली होती. टिपरचालक ते सांगायला निघाला होता, म्हणून मालकाच्या माणसांनी त्याला धरलं होतं. पोलिसांनी उकरलं तेव्हा प्रेतं मिळाली. मालक आत गेला. पण पहारवाल्याचा डोळा गेला होता, दांडेवाल्याचा पाय गुडघ्यातून कापावा लागला, आणि मालकाच्या वकिलाने वहिनीवरही उलटी केस लावली. जबाबात तिने काही लपवलं नाही. "मीच मारलं. तो पडल्यावरही मारलं." नवऱ्याने डोक्याला हात लावला. "खरं बोलायलाही जरा दम खावा माणसाने," एवढंच तो म्हणाला.

एका दुपारी चालकाची बायको गॅरेजमध्ये आली. वहिनीने स्टूल पुढे केलं, पण ती बसली नाही.

"जाताना काही बोलला का?"

"नाही," वहिनी म्हणाली. "पण धरून होता. शेवटपर्यंत. आम्ही दोघी होतो, एक पुढे, एक मागे."

बाईने मान डोलावली. डोळे कोरडेच होते. दाराशी जाऊन ती वळली.

"तुम्ही त्या पहारवाल्याचा डोळा फोडलात म्हणे."

"हो."

"दुसराही फोडायचा होता."

ती गेली. वहिनीने हातातला पाना खाली ठेवला. ती भिंतीला टेकून उकिडवी बसली. नणंद आली तेव्हाही ती तशीच होती.

वहिनीने तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "ती बोलली ना, त्या क्षणी मला वाटलं, हो. खरंच दुसरा राहिला. मला बरं वाटलं गं. असं कसं बरं वाटलं मला?"

नणंद तिच्या शेजारी जमिनीवर बसली. तिचा चेहरा एका बाजूने अजून सुजलेला होता, शब्द अजून दातांतून यायचे.

"मलाही वाटलं असतं," ती म्हणाली. "मी तर नर्स आहे."

 बाहेर कोणीतरी पंक्चर झालेली सायकल ढकलत दाराशी आणून उभं राहिलं आणि आत कोणी आहे का म्हणून हाक मारू लागलं. वहिनी उजव्या हाताने भिंत धरून उठली.