लुगड्याच्या काठातलं शिसं

बोराएवढी, मधोमध आरपार भोक, एका बाजूला दाताची खूण... शिशाची ही गोळी कालपर्यंत सुकराम ढिवराच्या मासोळ्यांच्या जाळ्याला होती, आता जमुनाबाईच्या तळहातावर होती आणि सुई नेम धरत नव्हती. म्हातारपणाने नव्हे, पंचेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही. आनंदानेही नेम असा चुकतो, हे तिला आज सकाळी कळत होतं. सुई तीनदा भोकाच्या बाहेर गेली. चौथ्यांदा गेली ती बोटात.

पांढऱ्या लुगड्याच्या काठात अशा चार गोळ्या शिवल्या की बाप्तिस्म्याला पाण्यात उतरलेल्या बाईचं लुगडं फुगून वर येत नाही. ही युक्ती तिचीच. पास्टर चैतरामांशी लग्न होऊन ती या गावात आली त्या वर्षी एका बाईचं लुगडं भर तलावात छत्रीसारखं उघडलं होतं, काठावरचं अर्धं गाव हसलं होतं, आणि ती बिचारी पुन्हा प्रार्थनेला यायला दोन महिने तयार नव्हती. तेव्हापासून सुकराम फाटक्या जाळ्याचं शिसं आणून देई. तो मंडळीतला नव्हे, त्याचे देव त्याच्या घरी सुखरूप, पण दर बाप्तिस्म्याला तो काठावर हजर असे आणि दर वेळी विचारी, "पास्तर, बुडवून वापसच काढता, त मंग बुडवता कायले?" कमरेइतक्या पाण्यातून पास्टर म्हणत, "तू जाळं टाकून वापस नाई काढत का रे?" अठ्ठावीस वर्षं तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि दोघांना दर वेळी तेवढंच हसू.

आज ते शेवटचं. पास्टरांचे गुडघे पार गेले होते. मिशनचं पत्र आलं होतं, पुढच्या महिन्यात नवा पास्टर येणार. आज त्यांच्या हातून तिघांचा बाप्तिस्मा: कोहमारा गावाकडचे दोघे भाऊ आणि त्यांची स्वतःची धाकटी, शामकला. म्हणजे लुगडं एकच लागणार होतं. ते शिवून, घडी करून बाजेवर ठेवलेलंही होतं.

मग हे दुसरं?

हे माझं... असं तिने मनात म्हणून पाहिलं आणि चुलीवरचा भात लागल्याचा वास आला, तरी ती उठली नाही. अठ्ठावीस वर्षांत पास्टरांच्या घरी भात लागला नव्हता. आज लागू दे.

मोठ्या दुष्काळात माय-बाप गेलेली मी, मिशनच्या अनाथालयात वाढलेली. चौदाव्या वर्षी बारा मुलींचा बाप्तिस्मा ठरला. तिथल्या मिस साहेबांनी आदल्या रात्रीच बाराही नावं वहीत लिहून टाकली, आणि सकाळी मला हिवताप भरला. अकरा जणी नदीवर गेल्या, मी घोंगडीखाली कुडकुडत पडले. दुपारी डोळे उघडले तर उशाशी कोरा करकरीत नवा करार, पहिल्या पानावर माझं नाव, सन एकोणीसशे सात... माझ्या नावाची पहिली वस्तू. ती परत घेतील म्हणून मी तोंड मिटलं. एवढंच. उद्या सांगेन म्हणाले मी, मग नाताळानंतर सांगेन म्हणाले, मग लग्न ठरलं, आणि सगळ्या मंडळीला पाण्यातून नेणाऱ्या माणसाची बायको स्वतःच कोरडी आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"माय, भात जळून राहिला!" शामकला आत आली, हांडी उतरवली आणि लुगड्याकडे बघत उभी राहिली. "माह्यं त झालं ना शिवून. हे कोनाचं?"

"असू दे एखादं जास्तीचं."

"आन् तू गानं काऊन म्हनून राहिली सकाळपासून?"

ती गात होती? तिला पत्ताच नव्हता.

पोरगी एकोणीसची. जमुनाबाईने नवऱ्यामागे किती टुमणं लावलं होतं, तिला सांगा, तुमचीच मुलगी मागे राहिली तर लोक काय म्हणतील. पास्टर हातातली काठी भिंतीला टेकवत म्हणाले होते, "सांगून होत असतं त अख्ख्या गावाले नसतो का बुडवला मी? ज्याचं त्यानं म्हनावं लागते. मंग चार वर्षं लागो का चाळीस." आणि गेल्या महिन्यात शामकला आपली आपण भर मंडळीत उभी राहिली, साक्ष दिली, सगळ्यांनी हात वर करून तिला मान्यता दिली, जमुनाबाईचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला, आणि वर गेलेला तो हात तिला एकदम परका वाटला. या हाताला काय अधिकार?

ते दुसरं लुगडं नेसून दारातून बाहेर पडताना काठातलं शिसं उंबऱ्यावर वाजलं — टक. शामकलाने वळून आईच्या पायांकडे पाहिलं. जमुनाबाईने भिजलेल्यांना गुंडाळायच्या दोन चादरी काखेत मारल्या, एक रोजची आणि एक जास्तीची, आणि धान कापलेल्या शेतांच्या बांध्यांमधल्या पायवाटेने चालू लागली. पायांवर शिसं आपटत होतं, आणि चाल अशी की बरोबरच्या बाया मागे पडल्या. एकीने विचारलं, "बाई, गाडी सुटून राहिली का?" ती मोठ्याने हसली. आपलं हसणं असं असतं, हे ती विसरली होती.

पण तलाव दिसला आणि तिची चाल मंदावली. पारीवर, तलावाच्या बांधावर, मंडळीचे कारभारी डीकन उदाराम उभे होते, हातात झेंडूचा हार. पास्टर पाण्यातून आले की त्यांच्या गळ्यात घालायचा. उदाराम नियमाचा माणूस. बुडून बाप्तिस्मा झाला नाही त्याला प्रभुभोजनाची भाकर नाही. आणि ती भाकर अठ्ठावीस वर्षं मी भाजते, मी खाते... आज, यांच्या शेवटच्या दिवशी, यांच्या सगळ्या सेवेला काळं फासू? बायको घरात कोरडी आणि हे गावभर उपदेश करत फिरले, असंच म्हणतील ना?

नंदाबाई म्हणाली नसती. म्हातारी नंदाबाई दर प्रार्थनेला जमुनाबाईला खेटून बसे. मुलगे रागावतील या भीतीने ती कधी पाण्यात उतरली नाही. भाकरीचं ताट आलं की ती फक्त त्याच्या काठाला बोट लावी आणि ताट पुढे सरकवी. "मले नाई चालत बाई. तू घे." आणि मी घेत असे. तिच्या डोळ्यांदेखत. गेल्या आषाढात ती गेली, ताटाला बोट लावूनच गेली, आणि तेव्हापासून जमुनाबाईच्या घशाखाली ती भाकर उतरत नव्हती.

पास्टर पाण्यात शिरले. काठी चिखलात रोवून एकेक पाऊल, थांबत, दात आवळत. ढोलक सुरू झाली. पलीकडच्या काठावर सारसांची जोडी माना वर करून हा कोण गोंधळ ते बघत उभी होती. सुकरामने त्याचा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर त्याला मिळालं, हशा झाला. दोघा भावांचं झालं. मग शामकला, बापाचा एक हात तिच्या पाठीशी, एक कपाळावर... खाली गेली, पाणी वर मिटलं आणि पुन्हा फुटलं, आणि ती नाकातोंडातून पाणी उडवत हसत वर आली. लुगडं कुठे फुगलं नाही. जमुनाबाईने तिला रोजच्या चादरीत गुंडाळलं, इतकं घट्ट की पोरगी म्हणाली, "माय, श्वास घेऊ दे."

उदाराम हार सावरून पुढे आले. पण पास्टर निघाले नाहीत. नेहमीसारखे काठाकडे वळून उभे राहिले.

"आणखी कोणी?"

हेही दर वेळचंच. कोणी कधी उत्तर दिलं नव्हतं. एकदा फक्त एक बकरी ओरडली होती आणि खुद्द उदाराम हसले होते. लोक आता चपला शोधायला लागले. पास्टर मात्र बघत होते, उजव्या हाताला, तिच्याकडे. चादर मागत असतील, असंच ती इतकी वर्षं समजत आली... पण चादर तर भिजलेल्यांची. ते स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याने अंग पुसतात. मग इकडे कशाला बघतात?

आणि हे विचारायला लागले कधीपासून? लग्नानंतरची काही वर्षं तर नव्हे. तेव्हा शेवटचा माणूस झाला की ते सरळ बाहेर येत. मोठ्या तापाची साथ आली, अर्धं गाव अंथरुणाला खिळलं, ती नऊ दिवस बेशुद्ध होती, हे उशाशी बसून होते. त्या हिवाळ्यापासून. शुद्धीवर आल्यावर तिने घाबरून विचारलं होतं, मी काही बोलले का? "तापातलं कोनी धरते का?" ते म्हणाले होते, आणि तिच्याकडे न बघता पेजेची वाटी पुढे केली होती.

माहीत होतं. वीस वर्षं या माणसाला माहीत होतं.

आधी आला तो रागच. वीस वर्षं एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन, एक शब्द नाही? आणि मग त्यांचेच शब्द आठवले, चार वर्षं लागो का चाळीस, आणि तिला दिसलं की दर हिवाळ्यात हा माणूस थंडगार पाण्यात गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ उभा राहत आला होता. गुडघे असेच नाही गेले.

उदाराम हार घेऊन ताटकळले होते. असू देत. भीती कुठे गेली ते तिने शोधून पाहिलं, सापडली नाही. नंदाबाईचं बोट तेवढं कोपराशी लागल्यासारखं वाटलं. काठातलं शिसं तिला खाली ओढत होतं आणि अंग मात्र इतकं हलकं झालं होतं की हसू आवरेना. पास्टर अजून बघतच होते. आता प्रश्न उरला होता एवढाच, की हातातली ही दुसरी चादर धरायला कोणाकडे द्यावी.