दरवळबाबा कपडे पिळत नाहीत

“आला! आला! वास आला!”

पहिल्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर खुर्चीवरून अर्धवट उठून ओरडले आणि सभागृहातल्या तीनएकशे माणसांनी एकदम नाकं वर केली. व्यासपीठावर दरवळबाबा उभे होते. पांढरा झगा, पांढरी दाढी, चेहऱ्यावर नुकतंच पोटभर जेवल्याचं समाधान. हातात पोस्टमास्तरांच्या दुखणाईत भावाचा शर्ट होता. पोस्टमास्तरांनी तो वीतभर अंतरावरून हुंगून “काही वास नाही” अशी जाहीर साक्ष दिली होती. मग बाबांनी डोळे मिटले, कोणालाच कळणार नाही असं काहीतरी पुटपुटत शर्टावर तीनदा तळवा चोळला आणि घमघमाट सुटला. मोगरा! अस्सल मोगरा!

बायका डोळे पुसू लागल्या. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

“लोकहो,” बाबा माईकजवळ सरकले, “वस्त्र म्हणजे काय? वस्त्र म्हणजे देहाचा दुसरा देह! आणि तुम्ही त्याचं काय करता? पिळता! अरे, तुम्हाला कोणी असं पिळलं तर?”

“पिळतात की! ऑफिसात रोज पिळतात!” मागून एक जण बोलला. हशा झाला. बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

“म्हणून आपल्याकडे वस्त्र पिळायचं नाही. घडी घालायची नाही. इस्त्री तर नाहीच नाही. दिव्य चूर्णाच्या पाण्यात बुडवायचं, हलकेच उचलायचं, टांगायचं. पुढच्या बैठकीपर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही. मग मी हात फिरवतो आणि वस्त्र बोलतं. मन शुद्ध असेल तर दरवळतं. नसेल तर गप्प राहतं!”

आठव्या रांगेत साबणमावशी बसली होती आणि तिच्या कपाळावर आठी पडली होती. कपडे धुवायचे आणि पिळायचे नाहीत? असलं धुणं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. व्यासपीठामागच्या दोरीवर आज धुतलेले कपडे टपटप गळत होते, खाली फरशीवर तळं साचलं होतं, आणि एवढ्या माणसांत एकालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

मावशीला वाटणारच. बावीस वर्षं ती घराच्या मागच्या खोलीत कपड्यांची पावडर करत होती. साबणाच्या वड्या किसायच्या, धुण्याचा सोडा आणि मीठ घालायचं, चाळायचं, पिशव्या भरायच्या. यात अवघड काहीच नाही. अवघड काय, तर वास. गिऱ्हाईक आधी नाकानं पावडर घेतं, मग डोळ्यांनी. वास नसेल तर बायका म्हणतात, “कपडे धुतलेत कशावरून?” आणि वास म्हणजे मोठं नाठाळ पोर. सुगंधी तेल सरळ पावडरीत ओतलं की गोळे होतात, म्हणून ते आधी मूठभर सोड्यात चोळायचं, बरणीत दोन दिवस घट्ट झाकून ठेवायचं, मग सगळ्या पावडरीत मिसळायचं. एवढे लाड करूनही कपडा एकदा उन्हात वाळला की वास पसार. बावीस वर्षांत त्यानं मावशीचं एकदाही ऐकलं नव्हतं. आणि तो या दाढीवाल्याचं ऐकतो? हाक मारली की येतो?

“ताई, बघितलंस ना?” शेजारी बसलेली धाकटी बहीण कुजबुजली. तिच्या मांडीवर तिची सात वर्षांची चिऊ पेंगत होती. पोरीच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

“हिचा श्वास असा का वाजतोय गं?” मावशीनं विचारलं.

“दुखणं बाहेर पडतंय. बाबा म्हणालेत.”

“आणि दम्याचा पंप?”

धाकटीनं चिऊचं डोकं मांडीवर नीट केलं. “बंद केलाय. ऐक ना ताई, चिडू नकोस. गेल्या आठवड्यात बाबांनी चिऊच्या फ्रॉकवर हात फिरवला, तर वासच आला नाही! सगळ्यांसमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाबा म्हणाले, घरात कृत्रिम श्वास आहे, तो बंद कर. मी पंप कपाटात टाकला. फ्रॉक पुन्हा धुवायला दिला. आणि आज काय सांगू, असा दरवळला! म्हणजे पंपच आड येत होता की नाही?”

“अगं, दमा आहे तिला! पंप कृत्रिम, आणि बाबांच्या हातातला माईक काय झाडाला लागलाय?”

“हळू बोल. ऐकतील.”

“ऐकू देत की!”

पण धाकटीनं तोंड फिरवलं. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येणार. पोरीच्या प्रत्येक खोकल्याला ही एकटीच जागी. तिला आधार हवा होता, आणि आधाराच्या नावाखाली हे सोंग मिळालं होतं. मावशीला तिची कीव आली आणि रागही आला.

बैठक संपल्यावर मावशी तडक धुण्याच्या कोपऱ्यात गेली. तिथं बाबांचा चेला उभा होता. पुढ्यात दोन बादल्या आणि दोन डबे, एक निळा, एक पांढरा. कोणाचा कपडा कुठल्या बादलीत जायचा ते हाच ठरवत होता. बाजूला दिव्य चूर्णाच्या पुड्या विकायला होत्या. मावशीनं एक घेतली, तळहातावर ओतली आणि तिला हसावं की रडावं ते कळेना. पावडरीत साबणाचे जाडजाड कीस होते. तिच्या किसणीची दोन भोकं झिजून एक झाली होती आणि असा कीस फक्त तिच्याच घरात पडत होता. “वसतिगृहाला हवी, वास नको, साधी द्या,” म्हणत दर आठवड्याला पोतं उचलणारं गिऱ्हाईक म्हणजे हे!

“बघत काय बसलात, मावशी?” शेजारीण पुड्या पिशवीत भरत म्हणाली. “तुमच्या पावडरीत नाही हो ही शक्ती.”

“नाही ना! कुठून असणार!” मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुगंधी तेलांच्या दुकानात जाऊन धडकली. दुकानदार तिचा जुना माहीतगार.

“भाऊ, एक सांगा. पावडरीत वास नाही, ओल्या कपड्याला नाही, वाळलेल्याला नाही. चोळला की येतो. असं काही असतं का?”

“असतं की! गेल्या वर्षी तुम्हाला दाखवलं होतं, तुम्ही म्हणालात, एवढा महाग वास आमच्या पावडरीला नको.” दुकानदारानं फळीवरून एक डबी काढली. आत पांढरं पीठ होतं. “हे दिसतं पीठ, पण याचा कणन्कण म्हणजे एक बंद गोळी. बाहेर पातळ टरफल, आत थेंबाचाही थेंब तेल. धुताना गोळ्या कपड्याच्या धाग्यांत अडकतात. कपडा वाळला की नुसत्या बसून राहतात. चोळलं की टरफलं फुटतात आणि वास सुटतो. मोठमोठ्या कंपन्या हेच वापरतात.”

“आणि कपडा पिळला तर?”

“तर थोड्या तिथंच फुटतील. घडी घातली, इस्त्री फिरवली, तरी फुटतील. वेळेआधीच वास यायचा.”

“अस्सं,” मावशी म्हणाली. “म्हणून त्या मेल्याला वस्त्राची एवढी दया!”

तिनं चमचाभर पीठ पुडीत बांधून घेतलं. घरी येऊन फरशी पुसायचं सगळ्यांत कळकट फडकं शोधलं, टरकन फाडून त्याचे दोन तुकडे केले. एक साध्या पावडरीच्या पाण्यात बुडवला, दुसरा पीठ घातलेल्या पावडरीच्या पाण्यात. न पिळता दोन्ही दोरीवर टाकले. हात पुसते न पुसते तोच फोन वाजला. धाकटी होती, आणि तिला बोलता येत नव्हतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत चिऊच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला होता. ओठ निळसर पडले होते, बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. तासाभरानं श्वास जरा सैल झाला, तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

“पंप कधी बंद केलात?”

“आठवडा झाला,” धाकटी पुटपुटली.

“घरात तीव्र सुगंधाचं काही? अत्तर, उदबत्ती, फवारा?”

धाकटीचे डोळे विस्फारले. “बाबांनी फ्रॉक दिला होता. मी... मी आज सकाळपासून तो चोळून तिच्या नाकाशी धरत होते. दर तासाला. बरं वाटावं म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. “अहो, दम्याच्या पोराला असला वास म्हणजे आगीत तेल. आज अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते. घरी गेल्यावर पंप रोज, न चुकता. देणार ना?”

डॉक्टरीणबाई आत गेल्या तशी धाकटीनं मावशीचा हात घट्ट धरला. “ताई, मला भीती वाटते. पंप दिला आणि वास गेला तर? बाबा म्हणाले होते, वास गेला की पोर जाईल.”

हे ऐकून मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती बहिणीवर ओरडली नाही. ओरडून भीती जात असती तर जगात भित्रं कोणी उरलंच नसतं. “परवा बैठक आहे ना?” ती एवढंच म्हणाली. “चल, मीही येते. चिऊजवळ तिची आत्या बसेल.”

त्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. बाबांनी वस्त्राच्या यातनांचं व्याख्यान नुकतंच संपवलं होतं, तेवढ्यात मावशी व्यासपीठाच्या पायऱ्या चढून वर गेली.

“बाबा, माझ्याकडे पण एक वस्त्र आहे.” तिनं पिशवीतून चिमट्यानं एक कळकट तुकडा काढला. “फरशी पुसायचं फडकं. देहाचा दुसरा देह नाही, पण आमच्या घराचा आहे.”

लोक हसले. बाबांच्या दाढीत हसू उमटलं आणि लगेच विझलं.

“पोस्टमास्तर, या वर. हुंगा. येतो वास?”

“काही नाही,” पोस्टमास्तर नाक मुरडून म्हणाले. “जरा कळकट आहे, एवढंच.”

“आता मी आवाहन करते.” मावशीनं डोळे मिटले. “बटाटे किलोभर! कांदे दोन किलो! गॅसवाला अजून आला नाही! नळाला पाणी नाही!” आणि तिनं फडकं खसाखसा चोळलं.

मोगरा! पोस्टमास्तर दोन पावलं मागं सरले. पहिल्या रांगेनं माना पुढं काढल्या.

“हा मायावी सुगंध आहे!” बाबा गरजले. “ही नकली—”

“थांबा हो, तुमचाही असली बघू.” मावशीनं मागच्या दोरीवरचा एक वाळलेला सदरा ओढला. चेला धावला, पण तोवर तिनं सदऱ्याला असा पीळ दिला होता की बटण उडालं. त्यातूनही मोगरा सुटला. ना डोळे मिटले होते, ना कोणी काही पुटपुटलं होतं. मग तिनं निळा आणि पांढरा डबा उचलून माईकसमोर आणले, दोन्हींतली चिमूटचिमूट पावडर बोटांत चोळून पोस्टमास्तरांना हुंगवली, मोगरा फक्त निळ्यातलीला आला, आणि मग सगळं सांगितलं. पीठ, टरफलं, दोन बादल्या. “निळ्या डब्यात पीठ आहे, पांढऱ्यात नाही. ज्याला अडकवायचं त्याचा कपडा आधी पांढऱ्यात. वास आला नाही की माणूस घाबरतो. मग औषध सोड म्हणायचं. सोडलं की कपडा निळ्यात. झाला चमत्कार! आणि ही पावडर आहे ना, ती मी करते. माझ्या मागच्या खोलीत. तिथं देव काय, धड पंखाही नाही!”

सभागृहात गलका उठला. पण मावशी ज्या एका माणसासाठी आली होती, ते माणूस अजून खालीच उभं होतं, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं.

“धाकटे, वर ये.”

धाकटी आली. मावशीनं त्याच फडक्याचा न चोळलेला कोपरा तिच्या हातात दिला. “म्हण, माझ्या लेकीला मी रोज पंप देणार. आणि चोळ.”

“ताई, नको.”

“वास गेला तर गेला. मी आहे ना. म्हण.”

धाकटीनं डोळे मिटले. “माझ्या लेकीला मी... रोज पंप देणार,” ती म्हणाली, आणि भीत भीत अंगठा फिरवला.

दरवळ आला. चांगला नाकात भरेल इतका आला. धाकटीनं फडकं हुंगलं, पुन्हा चोळलं, पुन्हा हुंगलं. “रोज देणार,” ती आता मोठ्यानं म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ देणार!” मग ती बाबांकडे वळली. “माझी पोर मरत होती हो. तुमच्या शब्दाखातर मी तिला माझ्या हातानं मारत होते.” एवढं बोलून ती तिथंच मटकन बसली आणि ढसाढसा रडली.

गलका एकदम थांबला. पोस्टमास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, “माझ्या भावाच्या गोळ्या... त्याही बंद आहेत,” आणि टोपी विसरून घराकडे धावत सुटले. मग एकेक जण उठू लागला. कोणाची साखरेची सुई बंद होती, कोणाचं रक्तदाबाचं औषध. बाबा केव्हा मागच्या दारानं सटकले ते कोणाला कळलंही नाही. दारात पोलीस त्यांची वाट बघत होते. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच तक्रार दिली होती.

गर्दी ओसरताना एक म्हातारे गृहस्थ मावशीसमोर हात जोडून उभे राहिले. “माउली, तुमच्या हातातच काहीतरी आहे. बटाटे-कांदे म्हणालात तरी सुगंध आला. माझ्या गुडघ्यावर जरा फिरवता का?”

मावशीनं कपाळावर हात मारला. “आजोबा, माझ्या हातात सोड्यानं पडलेल्या भेगा आहेत, दुसरं काही नाही. गुडघा दुखतो तर डॉक्टरांना दाखवा. आणि उद्या कोणी काही अजब दाखवलं ना, तर दोनच गोष्टी करा. हे कसं झालं, विचारा. मला स्वतःच्या हातानं करून बघू द्या, म्हणा. जो खरा आहे तो बघू देईल. जो चिडेल, त्याच्यापासून लांब राहा. एवढं केलंत तरी पुरे.”

चिऊ चार दिवसांनी घरी आली. धाकटीनं तिच्या चादरी, उशा, फ्रॉक सगळं साध्या पावडरीत दोनदा धुतलं होतं, उन्हात कडकडीत वाळवलं होतं. पोरीनं सकाळचा पंप घेतला, चूळ भरली, पलंगावर उडी मारली आणि चादरीत नाक खुपसून लांब, छाती भरून श्वास घेतला. कुठंही शिट्टी वाजली नाही.

“आई,” ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, “हिला कसलाच वास येत नाही!”

“नाही ना?” धाकटी म्हणाली. “परत घे बरं श्वास. मला ऐकू दे.”