बाईंना जड लागते

हिंमतरावांचं अक्षर मोत्यासारखं होतं, हे मान्यच करायला हवं. अख्ख्या बिबवेवाडीत त्यांच्याइतकं सुबक जॉबकार्ड दुसऱ्या गॅरेजात मिळायचं नाही. वर गाडीचा नंबर, शेजारी तारीख, खाली 'तक्रार' असा रकाना. त्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बाईंना स्टिअरिंग जड लागते.'

त्या एका ओळीने सत्यशीलाच्या घरात आग लावली.

सत्यशीला तीन वर्षं पिकअप चालवत होती. तिचा नवरा रतन कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडला, तेव्हा दोघांनी वाघोलीच्या वाटेवर नव्याने उठलेल्या आयटी कंपन्यांना जेवण पुरवायचं ठरवलं. चव होती रतनच्या हाताला, आणि गाडी बसली होती हिच्या हातात. नवरा भाकऱ्या थापतो आणि बायको गाडी हाकते म्हणून गल्लीने वर्षभर दात काढले, मग गल्लीच कंटाळली. गाडी मात्र कागदोपत्री थोरल्या दिराच्या, बुद्धभूषणच्या नावावर होती. कर्जासाठी पक्की सरकारी नोकरी घरात त्याचीच ना! आणि नेमकं ते कार्ड त्याच्याच हाती पडलं.

"मेकॅनिकनेच लेखी दिलंय," बुद्धभूषण म्हणाला. कचेरीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस तो. लेखी आलं की त्याच्या लेखी विषय संपला. "शीला, तू आता गाडी चालवायची नाहीस. कुठे ठोकलीस तर नाव माझं येईल. सोमवारपासून मी ड्रायव्हर लावतोय. चावी दे."

"भाऊजी, जड मला नाही लागत. गाडीच जड झालीये. स्टिअरिंगचं तेल गळतंय तिचं."

"तसं कार्डावर कुठे आहे?"

कार्डावर नव्हतंच, तेच तर दुखणं होतं! महिन्यात तीनदा तिने हिंमतरावांना सांगितलं होतं की वळताना घूंऽऽ असा आवाज येतो, डबीतलं तेल कमी होतं, खाली फरशीवर लाल डाग पडतो. तीनही वेळा त्यांनी वरून तेल ओतलं आणि बॉनेट आपटलं. "वहिनी, पॉवर स्टिअरिंगची गाडी थोडं तेल पितेच. आणि खरं सांगू का, बाईमाणसाचं मनगट म्हणजे..." पुढचं ते बोलायचे नाहीत, नुसतं हसायचे.

म्हणे पिते! इंजिनाचं तेल जळतं, हे समजण्यासारखं आहे. स्टिअरिंगचं तेल बंद नळ्यांतून फिरतं. ते कमी झालं म्हणजे कुठेतरी सांडलं, हे रतनला पातेल्यातल्या आमटीवरूनही कळलं असतं. हिंमतरावांना ते कळत नव्हतं असं नाही. बाई बोलतेय म्हटल्यावर त्यांनी कानच दिला नव्हता. सत्यशीलाच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून ती आणखी संतापली.

"सोमवारपर्यंत चावी माझ्याकडे राहील," त्याच्या हातातलं कार्ड काढून घेत ती म्हणाली. "रविवारी अकराला गॅरेजात या. तुम्हाला लेखीच हवंय ना? लेखीच देते."

रविवारी सकाळी तिने दारातच गाडीच्या चाकांना दगड लावले आणि बॉनेट उघडलं. आत पंपापासून नळ्यांपर्यंत सगळंच तेलकट झालेलं. गळतं कुठून, देव जाणे. तिने जुन्या लुगड्याचं फडकं रॉकेलमध्ये बुडवून सगळं पुसून काढलं, कोरडं होऊ दिलं, मग घरातून आपला पावडरचा डबा आणला आणि नळ्यांवर, पंपावर भसाभस उपडा केला.

"अगं, तोंडाला लावायची ती!" ओट्यावरून सासूबाई, कांताबाई ओरडल्या.

"आज हिचंच तोंड बघायचंय, आई. गाडीत बसता का?"

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. चाक फिरवायचंय नुसतं."

सत्तरीच्या कांताबाई पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर चढल्या. सत्यशीलाने हँडब्रेक ओढला, इंजिन चालू केलं आणि टॉर्च घेऊन पुढे वाकली. "डावीकडे फिरवा!"

चाकं उजवीकडे वळली.

"आई, डावीकडे!"

"अगं बाई, जेवता हात का दुसरा, तेवढं सांग! डावं-उजवं तुझं तुझ्याजवळ ठेव."

"दुसरा! पुरता फिरवा! आता जेवता! पुन्हा दुसरा!"

गल्ली गोळा झाली. कांताबाई घामाघूम झाल्या. "जातं परवडलं गं! तीन वर्षं हेच ओढतेस?"

"महिनाभरच, आई. आधी बोटावर फिरायची."

पाचव्या फेरीला, रबरी पाईप जिथे लोखंडी तोंडात शिरतो तिथे, पांढऱ्याशुभ्र पावडरीत एक लाल ठिपका उमटला. ठिपक्याचा ओघळ झाला. पंप कोरडाच होता. "सापडली, सटवी!" सत्यशीला एवढ्यांदा ओरडली की रतन हातात उलथनं घेऊन बाहेर धावला.

अकरा वाजता गॅरेजात बुद्धभूषण येऊन उभाच होता. शेजारच्या सीटवर कांताबाईंना बसवून सत्यशीलाने गाडी आत घेतली, पण बॉनेट उघडलं नाही. आधी हिंमतरावांना म्हणाली, "जरा बसा. जागच्या जागी फिरवून बघा."

हिंमतराव बसले. फिरवू लागले. मानेच्या शिरा फुगल्या.

"जड लागतंय?"

"हो, म्हणजे जरा..."

"मनगटाला?"

गॅरेजातली माणसं खो खो हसली. मग तिने बॉनेट उघडून तो लाल ओघळ दाखवला. हिंमतरावांनी एकदा पाईपकडे पाहिलं, एकदा पावडरकडे. त्यांनी नवा पाईप बसवला, ताजं तेल भरलं, हवा निघेपर्यंत चाक या टोकाचं त्या टोकाला फिरवलं. शेवटी ते एका बोटावर फिरायला लागलं.

"झाली दुरुस्त," ते पुटपुटले.

"गाडी झाली." सत्यशीलाने पर्समधून घडी घातलेलं जॉबकार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. "आता हे दुरुस्त करा."

हिंमतराव खूप वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले. ते पेनालाच होतं. अखेर त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'पाईप गळत होता. तक्रार बरोबर.' सही केली, शिक्का मारला. तिने कार्ड दिराच्या हातात ठेवलं. बुद्धभूषणने ते वाचलं, शिक्काही पाहिला.

"पण सोमवारी येणाऱ्या ड्रायव्हरला मी काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांगा, गाडीला ड्रायव्हर आहे." ती दार उघडून आत बसली. "घरी येताय का, भाऊजी? पुढे आई बसल्यात. तुम्ही मागे चढा."

बुद्धभूषणने कार्ड खिशात घातलं आणि मागच्या फळीला हात घातला.