परत सांगणारा दुवा

मित्रांनो, मी एक जुना दुवा आहे. मला हातात धरायला जाल तर काहीच लागणार नाही, कारण मी कोडच्या ओळींनी बनलेला आहे. सर्व्हर नावाचं यंत्र बाहेरून आलेला निरोप घेतं आणि प्रोग्राम त्या निरोपावर काम करतो. पण या दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. त्यांच्या मधोमध उंबऱ्यावर बसून इकडचं तिकडे पोचवायचं, एवढंच माझं काम. लग्न जमलं की मध्यस्थाला कोण विचारतो? तसंच माझंही होतं.

मला घडवणारी माणसं देशोदेशीची. आपापल्या घरी बसून, रिकाम्या वेळात, हौसेनं त्यांनी मला लिहिलं. माझ्याआधी माझे थोरले होऊन गेले, माझ्यामागून धाकटे आले. आम्हाला नावं नसतात, आवृत्तीचा आकडा असतो. माझ्यात एक खोड होती. आलेला निरोप एकदा दिला की मी हात झटकून मोकळा होत नसे. काम संपेपर्यंत तो जवळ धरून ठेवी. कोणी म्हणालं, "परत सांग," की पहिल्या अक्षरापासून परत सांगे. त्याला जागा जास्त लागे, वेळही जाई. जाणकार म्हणत, हा दुवा जरा जड आहे.

ललितला मात्र माझी खोड त्याच्या नकळत मानवली. ललित म्हणजे तापीकाठच्या एका गावचा मुलगा, शहाद्याला नोकरी करणारा. वडील चुडामण आबा, आई निर्मलाबाई, घरची केळी आणि कापूस. गावातल्या बहुतेकांच्या पाण्याच्या मोटारी नदीच्या पात्रात. वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की ऊन असो की सावली, पात्र बघता बघता भरतं, आणि खाली पात्रात फोनला रेंज नाही. म्हणून ललितने मंदिरावर भोंगा बसवला. वरच्या अंगाला राहणारा त्याचा मामेभाऊ योगेंद्र दरवाजे उचललेले दिसले की निरोप टाकी. तो माझ्यामार्फत प्रोग्रामकडे जाई. कोणा वात्रटाने खोटाच निरोप धाडू नये म्हणून प्रोग्राम तो दोनदा वाची. पहिल्यांदा, निरोप खरंच योगेंद्रचा आहे का हे तपासायला. दुसऱ्यांदा, भोंग्यातून बोलायला. मग कुठल्याही सूचनेआधी वाजे तशी घंटा वाजे आणि भोंगा गावाच्या बोलीत बोले, "पानी सोडेल शे. नदीमधून वर या."

ते दिवस माझ्या सुखाचे होते. भोंगा बोलला की शेरडं, माणसं, मोटारी सगळं सुखरूप वर येई. चुडामण आबा पारावर मिशीला पीळ देत म्हणत, "मन्हा पोऱ्यानं तापीमायले बोलतं करं." कौतुक ललितचं आणि भोंग्याचं होई. माझं नाव कोणी घेतलं नाही, पण खरं सांगतो, मला फार बरं वाटे.

मग माझे दिवस भरले. ज्यांच्या यंत्रावर आमचा मुक्काम होता त्यांनी कळवलं की जुनी आवृत्ती आता सुरक्षित नाही, नवी बसवा. माझा धाकटा आला. तो वाईट नव्हता. हलका, चपळ, कमी जागेत मावणारा. माझ्या ज्या ओळी निरोप धरून ठेवत, त्या त्याच्या अंगातून काढून टाकल्या होत्या. तो निरोप जाता जाता देई. एकदा ऐकलं ते ऐकलं. हा बदल उघड लिहून ठेवलेला होता. ललितने तो वाचला आणि आपल्याला याच्याशी काय करायचंय म्हणून पुढे गेला.

तरी एकदा खोटा निरोप टाकून भोंगा तपासायचं त्याच्या मनात होतं. योगेंद्रला फोन लावणार तोच निर्मलाबाई आडव्या आल्या. आमच्या गावात कोणी पुराचं नाव फुकट घेत नाही. भरल्या घरात कोणी मरणाचं बोलत नाही, तसंच हे. त्या म्हणाल्या, "तापीमायना नावनं खोटं बोलू नको भाऊ. बोलेल खरं व्हई जास." आईचा शब्द ललितने मोडला नाही. लसीकरणाची आणि वीज कधी येणार याची सूचना त्याने भोंग्यातून वदवून पाहिली. ती वाट वेगळी, तिथे तपासणी नाही, निरोप एकदाच वाचला जातो. भोंगा खणखणीत बोलला. ललितने शितावरून भाताची परीक्षा केली, आणि मला आपल्या घरच्या संगणकात एका कोपऱ्यात टाकून दिलं.

पाऊस सरला. नदी उतरली, म्हणून आबा शेजारच्या नवनीतला घेऊन मोटार खाली सरकवायला पात्रात उतरले. दुपार होती, आभाळ स्वच्छ. वर दरवाजे उघडले आणि योगेंद्रने वेळेवर निरोप टाकला. माझ्या धाकट्याने तो पोचवला. प्रोग्रामने वाचला, योगेंद्रचाच आहे याची खात्री केली, घंटा वाजवली. मग बोलण्यासाठी पुन्हा मागितला. धाकट्याजवळ काहीच उरलं नव्हतं. भोंगा मुका राहिला.

दोघांनी माना वर करून वाट पाहिली. आबा म्हणाले, "घंटा वाजनी, पन बोलनं काहीच नही. लाईट गई व्हई." नवनीत दोर आणायला काठावर चढला. तो वळून पाहतो तो मधली वाळू पाण्याखाली गेली होती आणि आबा पलीकडे मोटारीपाशी उभे होते. त्याने दोर फेकला, तो पुरला नाही. आबा खाली दुसऱ्या गावाच्या हद्दीत सापडले.

गाव विजेला बोल लावून मोकळं झालं. ललितने कोड उघडून पाहिला आणि त्याला सगळं उमगलं. निरोप आधी बाजूला जपून ठेवावा, एवढी एक ओळ हवी होती. ती त्याने लिहिली, आणि कोणाला काही न सांगता भोंग्याची तार काढून ठेवली. त्याला आता कशाचाच भरवसा वाटत नव्हता. दहाव्यानंतर त्याने मला कोपऱ्यातून काढलं आणि माझी एकेक ओळ वाचत बसला. निर्मलाबाई मागे येऊन टेकल्या. खोटा निरोप टाकू दिला नाही ते मनात धरून त्यांनी हळूच विचारलं, "मी तुले रोकं, म्हनीसन व्हयनं का रे हाई?"

हो म्हणाला असता तर तो सुटला असता. विजेवर ढकललं असतं तर दोघंही सुटले असते. ललित पडद्याकडून आईकडे वळला. म्हणाला, "नही माय. लिखेल व्हतं, मीच नीट वाचं नही. मन्ही चूक शे." आणि त्याने आईला समजेल असं सगळं सांगितलं. तार काढली तेही सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. त्यांचं रडणं आधीच संपलं होतं. म्हणाल्या, "भोंगा मुका ऱ्हायना म्हनीसन तुन्हा बाप गया. आते तू बी मुका ऱ्हाशी का?"

दुसऱ्या दिवशी ललितने तार जोडली आणि मंदिराच्या ओट्यावर गावाला खरं ते सांगितलं. नवनीत मधूनच उठून गेला. तो अजून ललितशी बोलत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

मित्रांनो, नवं जरूर घ्या. आम्ही जुने झालो की बाजूला व्हायलाच हवं, त्याचं मला दुःख नाही. पण जुन्याला बाजूला करण्याआधी जरा त्याच्यापाशी बसा आणि विचारा, बाबा रे, कोणी न सांगता तू काय काय सांभाळत होतास? ललितने मला ते विचारलं. पण आबांचा दहावा झाल्यावर.